प्रतिज्ञापत्रातली गाळलेली ओळ

अण्णा, तुमचा माझ्या वकीलबाईंवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. खरं तर त्यांना बघण्याच्या आधीपासूनच नव्हता. शिवाजीनगरला कोर्टाच्या फाटकाशी टाइपरायटर मांडून तुम्ही तीस वर्षं लोकांची भांडणं टाइप केलीत, त्यामुळे वकील ही जमात आपण पुरती ओळखून आहोत, असं तुमचं म्हणणं. त्या टेबलावर एक दिवस स्वतःच्या मुलीचं भांडण येईल, असं मात्र तुम्हाला वाटलं नव्हतं. नवऱ्याने आमच्या पाच वर्षांच्या मुलीचा ताबा मागितला होता आणि वकील लावायची माझी ऐपत नव्हती. हडपसरच्या एका कंपनीत मी दुसऱ्या पाळीला कॉम्प्युटरवर नोंदी करत होते. कोर्टातूनच मोफत वकील मिळतो असं कळल्यावर तुम्ही तहसील कचेरीत तीन खेपा घालून माझा उत्पन्नाचा दाखला काढलात. कोर्टातल्या मोफत वकिलाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तो नीट न बघताच परत केला. "काका, बाईमाणसाला दाखला लागत नाही. उत्पन्न कितीही असू दे, वकील मिळतो." दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. तुम्ही बाहेर येऊन दाखल्याची घडी घातलीत आणि म्हणालात, "सरकारी माणसाने हातातला कागद परत केलेला मी आयुष्यात पाहिला नाही. यात काहीतरी आहे."

मग वकीलबाई भेटल्या. तरुण, खांद्याला कापडी पिशवी, चपलेचा अंगठा शिवलेला. तुम्ही त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत. घरी येताना बसमध्ये सुरू झालात. "ही फी घेत नाही, मग जगते कशावर?" मी म्हटलं, सरकार थोडंफार देतं. "थोडंफार ना? मग उरलेलं कोण देतं?" पुढच्या तारखेला बाई नवऱ्याच्या वकिलाबरोबर कँटीनमध्ये चहा पिताना तुम्हाला दिसल्या आणि तुमच्या लेखी खटल्याचा निकालच लागला. कोर्टात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे वकील बाहेर एकाच बशीतली भजी खातात, हे तुम्हीच मला लहानपणी हसत हसत सांगायचात. पण तेव्हा केस परक्याची होती. तुम्हाला काय बोलू? संशयाच्या बाबतीत मी तुमचीच मुलगी. बाईंनी प्रश्न विचारला की आधी मनात यायचं, ही हे का विचारतेय, आणि कुणाला सांगणार?

तरी एका दुपारी मी त्यांना ती गोष्ट सांगून टाकली. नवऱ्याकडे असताना एकदा शेजारच्या मावशी गावाला गेल्या होत्या, नवरा यायला उशीर होता आणि कामाची पाळी चुकवली असती तर नोकरी गेली असती. मी मुलीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि गेले. दोन तासांनी नवऱ्याने कुलूप उघडलं तेव्हा ती दाराशी बसून होती, रडून रडून घसा बसलेला. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं, मला दोष दिला नाही. "त्यांना माहीत आहे ना? मग ते बोलायच्या आधी आपणच लिहायचं," एवढंच म्हणाल्या आणि प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात एक वाक्य घातलं.

तो मसुदा कॉम्प्युटरवर काढलेला होता. तुमचा कॉम्प्युटरवर राग होता, धंदा बसायला लागला म्हणून तर होताच, पण तुमचं कारण वेगळं असायचं. "याच्यात खाडाखोड दिसत नाही. आतलं पान बदललं तर कळणार कसं?" तुम्ही बाईंना गोड बोलून सांगितलंत, मॅडम, मी स्वतः टाइप करून देतो, तुमचा वेळ वाचेल. त्यांनी विश्वासाने कागद तुमच्या हाती दिला. ते कुलपाचं वाक्य तुम्ही तिथे पहिल्यांदा वाचलंत. मला काही विचारलं नाहीत. आपल्या मुलीला बुडवायला त्या बाईने ते घुसडलंय, अशी तुमची खात्रीच झाली असणार. तुम्ही ते गाळलंत.

सुनावणीच्या दिवशी समोरचा वकील उठतो आणि थेट कुलपावरच येतो. न्यायाधीश प्रतिज्ञापत्र चाळतात. "यात याचा उल्लेखच नाही. का लपवलंत?" मुलगी गेली, एवढंच डोक्यात. बाई तुम्ही टाइप केलेलं पान हातात घेऊन एकदाच मागच्या बाकाकडे, तुमच्याकडे बघतात. मग म्हणतात, "टायपिंगमध्ये ओळ सुटली आहे. मूळ मसुदा माझ्याकडे आहे. दाखल करण्याआधी मी ताडून बघायला हवं होतं, चूक माझी आहे." आणि पिशवीतून तो कॉम्प्युटरचा कागद काढून पुढे करतात. न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला. मुलगी माझ्याकडेच राहिली, रविवार तिच्या वडिलांना मिळाला.

बाहेर आल्यावर बाई तुम्हाला म्हणाल्या, "काका, राग माझ्यावर होता ना? मग माझ्यावर काढायचा. पोरीच्या कागदावर कशाला?" तुम्ही आपल्या टेबलाकडे चालू लागलात. पण कोर्टाच्या आवारात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? शेजारचे टायपिस्ट विचारायचे, "काय अण्णा, आज सगळ्या ओळी आहेत ना?" तीस वर्षांत तुमच्या हातून काना-मात्रा सुटली नव्हती. त्यानंतर तुम्ही प्रतिज्ञापत्रं घेणंच बंद केलंत. साधे अर्ज, पाकिटांवरचे पत्ते, एवढंच. ते पाहून मला फार वाईट वाटायचं, आणि मी काही बोलायची नाही.

आता वाघोलीला घर घेतलंय. सामान लावताना परवा मुलीला ती फाइल सापडली. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. तीही आपल्याच वळणावर गेलीय, काही सुटत नाही तिच्या नजरेतून. कुलपाचं वाक्य तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आई, हे वाक्य आजोबांनी तुला न सांगता काढलं?"

मी हो म्हणाले. अण्णा, सही करण्याआधी मी ते पान वाचलं होतं. वाक्य नाही, हे मला दिसलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच सही केली आणि पान उलटलं. तुम्ही समोरच बसला होतात, माझ्याकडे बघत. मी वाचलं, हे तुम्हाला कळलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. आज तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं.