दिम्यानाआजीचं कफन

४ एप्रिल
जेरुसलेमला आलो एकदाचा. नाझरेथहून बसने हाडं खिळखिळी केली, पण कॅमेरे शाबूत आहेत आणि खोली बाजाराच्या अगदी डोक्यावर मिळाली. घरमालकीण उम्म जिर्यिस यांनी झातर, म्हणजे इथला सुका मसाल्याचा पाला, आणि तेल लावलेली गरम भाकरी पुढ्यात ठेवली आणि विचारलं, तुझी आई तुला फोटोच खायला घालते का. शेजारच्या खोलीत इजिप्तची दिम्यानाआजी उतरली आहे. जन्मभर कापूस वेचून ती एकाच कामासाठी आली आहे. येशूच्या देहाला ज्या दगडावर तेल लावलं, त्यावर आपलं कफन पसरायचं आणि गावी नेऊन मरणासाठी जपून ठेवायचं. मला ते दाखवताना नव्या नवरीसारखी लाजली. मला हसू आवरेना.

५ एप्रिल
सहल कंपनीला त्याच दगडाचा फोटो हवा होता आणि तो ज्या चर्चमध्ये आहे तिथे उजेडाची बोंब. आजी कफन पसरून डोळे मिटून बसली होती. पांढरंशुभ्र कापड पाहून मोह झाला. हळूच ओढलं, खांबाला टेकवलं आणि उजेड दगडावर वळवला. फोटो झकास आला. कफन मात्र घसरून फरशी पुसण्याच्या काळ्या पाण्यात पडलं आणि झाडूवाल्याने चिंधी समजून कचऱ्यात टाकलं. दुसरं घेऊन देतो म्हणालो. ती म्हणाली, "मी देवाकडे उघडीच जाईन. तुला मात्र नीट गुंडाळून पाठवीन, बाळा."
म्हातारीची जीभ भलतीच तिखट आहे.

८ एप्रिल
दिम्यानाआजी पहाटे गेली. मठातल्या जुन्या चादरीत पुरली. उम्म जिर्यिस माझ्याशी बोलत नाहीत, भाकरी दाराबाहेर ठेवतात. मला खरंच वाईट वाटतंय.

९ एप्रिल
आजच्या प्रत्येक फोटोत ती आहे. घुमटाखाली, मग जिन्यावर, मग माझ्या पुढ्यात. हातात दोरी. शिंपी माप घेतो तशी धरलेली.

१० एप्रिल
कापडवाल्याने हाक मारून पुडकं दिलं. म्हणाला, इजिप्तची एक आजी सकाळी सांगून गेली, मापही तिनेच दिलं. आज सकाळी. कफन माझ्याच उंचीचं आहे.

११ एप्रिल
दगडावर पसरलं. तिच्या नावाने तेल लावलं, रडून माफी मागितली. कफन तिथेच सोडून आलो. खोलीत आलो तर पलंगावर — तेलाने ओलं —
मी घाबरलोय. फार घाबरलोय.

१२ एप्रिल
पाय हलत नाहीत. कमरेपर्यंत कफनात गुंडाळला गेलोय. भर दुपार आहे, खाली बाजारात भाव चाललेत, मी ओरडतोय —

उम्म जिर्यिस आल्या. मी हाका मारल्या, त्यांना ऐकूच गेल्या नाहीत. त्यांनी क्रूसाची खूण केली, माझे डोळे मिटले. मी उघडले. त्यांनी पुन्हा मिटले. मेणबत्ती आणायला गेल्या —

डावा हात आत गेला. पलंगाच्या कडेला दिम्यानाआजी बसलीय, सुईत दोरा ओवतेय. म्हणतेय, पुरे झालं लिहिणं बाळा, आता हाही हात आ