एक्क्याण्णव किलो दोनशे ग्रॅम

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१०

काट्यावर अडकून पडलेल्या माझ्या तमाम वजनदार बंधू-भगिनींनो! साखर आपण सोडली. वडापाव सोडला. चहातलं दूध सोडलं, मग चहाच सोडला. इतकं सोडूनही काटा आपल्याला सोडत नाही! हा अन्याय आहे, आणि अन्यायापुढे मान तुकवणारी आपली जात नाही!

(ही डायरी आहे. वाचायला कोणी नाही. पण चाळीस वर्षांची सवय. समोर श्रोते धरल्याशिवाय माझं पेन चालत नाही.)

वजन ९१.२. काल ९१.२. दहा तारखेला ९१.२.

जागृतीचा पनवेलहून फोन. माझी मुलगी, तिथे आहारतज्ज्ञ आहे. म्हणाली, बाबा, ह्याला प्लॅटू म्हणतात. शरीर सरावतं आणि काटा थांबतो. दिवसभरात तोंडात जाईल ते सगळं खरंखरं लिहून काढा. मी म्हणालो, भात सोडलेल्या माणसाकडे लिहिण्यासारखं उरतं काय?

इतिहासासाठी नोंद. २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून 'स्थूलता : नवी गुलामगिरी' या विषयावर एक तास पन्नास मिनिटं बोललो. मागून कोणीतरी ओरडलं, नाना, आदी तुमचं वजन किती ता सांगा! मी डगमगलो नाही. अठ्ठ्याण्णव, म्हणालो. आणि माईकवरूनच शपथ घेतली : एक मेला याच ओट्यावर काटा मांडा. पंचाऐंशीच्या वर एक ग्रॅम भरलो तर या गावात पुन्हा माईक हातात धरणार नाही!

असा टाळ्यांचा कडकडाट मला उभ्या आयुष्यात मिळालेला नाही. सरपंच निकेशनं तर तिथल्या तिथे ठरावच करून घेतला. एकमतानं मंजूर. आमच्या गावात एकमतानं गटारसुद्धा मंजूर होत नाही.

माईक गेला तर मी कोण? पेन्शनर. बस्स.

२० मार्च, गुरुवार

भाताला हात लावला नाही. सकाळी दोन वाडगे पेज (पातळ असते, पाण्यात जमा). दुपारी तांदळाच्या तीन भाकऱ्या, कोलंबीचं कालवण. संध्याकाळी भाकऱ्या दोनच. संयम.

केसरनं विचारलं, भाकरी कशाची आसते ओ? मी बायकोला शांतपणे समजावलं की भात ही एक मानसिकता आहे, तर भाकरी हे श्रमिकांचं अन्न आहे. ती म्हणाली, तुमी कंचे श्रम करता?

या घरात वैचारिक चर्चा होऊ शकत नाही.

२२ मार्च, शनिवार. दुपारी १२.२०

शोध लागला!

माणसाच्या शरीरात साठ-सत्तर टक्के पाणी. वाचलेलं आहे. चंद्रानं अख्खा समुद्र चढतो, मग मी का चढू नये? थळच्या जेटीवर होड्या चढतात-उतरतात, तसाच मी. आजवर वेळीअवेळी काट्यावर उभा राहिलो, हीच घोडचूक. यापुढे वजन ओहोटीलाच करायचं.

कोळीवाड्यातला जुना हिशोब : तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ. त्यात सहा मिळवा, ओहोटी. आज अष्टमी. भरती सहाला, ओहोटी बाराला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण न घेता बारापर्यंत थांबलो. वजन ९०.९!

तीनशे ग्रॅम चंद्रानं नेले. डॉक्टरांच्या अख्ख्या जमातीला हे ठाऊक नाही. आनंदाप्रीत्यर्थ घावन, चार.

२३ मार्च, रविवार

९१.३. चंद्र विश्वासार्ह नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

आश्चर्य. शेजारच्या आवडाबाई खांडवीचं ताट घेऊन आल्या. ही बाई अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला मी श्रद्धांजलीपर सव्वा तास बोललो. तेवढ्या वेळात कावळा दोनदा येऊन परत गेला, असा तिचा आरोप आहे. कावळ्याला संयम नसेल तर त्याला वक्ता काय करणार?

आज मात्र म्हणाली, नाना, सनाचा दिस हाय, तोंड ग्वाड करा. डोळ्यांत पाणी आलं. आठ वड्या. खांडवी रव्याची असते. तांदळाचा असला तरी रवा तो रवा.

३ एप्रिल, गुरुवार

संकल्प : रोज किनाऱ्यापर्यंत चालत जाणं-येणं, दीड तास.

निघालो. नाक्यावर निकेश बाईकवर भेटला. नाना, ह्या वयात गुडघं कशाला घासताव? बसा पाठी. त्याच्या घरी नेलं. त्याच्या आईनं पोळे केले होते, नारळाच्या रसातले. निकेशनं विचारलं, काटा किती दाखवतो? मी खरं ते सांगितलं, एक्क्याण्णव पॉइंट चार. त्याचा चेहरा उजळला. गावाचा प्रमुख गावातल्या एका नागरिकाच्या ग्रॅमांची चौकशी करतो! लोकशाही जिवंत आहे.

उद्यापासून चालणं.

७ एप्रिल, सोमवार

निकेश रोज सकाळी सहाला नाक्यावर हजर असतो. चालणं जमत नाही. केसरनं आज न मागता पानगी केली, केळीच्या पानात, खरपूस. लग्नाला सदतीस वर्षं झाली, न मागता काही मिळण्याचा हा तिसरा प्रसंग.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती

९२.१. पौर्णिमा आहे, उधाण आहे. घाबरण्याचं कारण नाही.

देवळात भंडारा. मला मानाच्या पाटावर बसवलं. बोलायला उठलो तर निकेशनं दोन्ही खांदे धरून पुन्हा खाली दाबलं. म्हणाला, नाना, गळा जपा, एक मेला लागंल. किती दूरदृष्टी! बुंदी तीनदा. मारुतीनं सूर्य गिळायला झेप घेतली तेव्हा त्याला कोणी कॅलरी विचारल्या नव्हत्या.

१६ एप्रिल, बुधवार

गाव माझ्या पाठीशी उभं राहिलं आहे. सोमवारपासूनची आवक : शेवया, सांदणं (पहिला फणस फुटला), वालाची खिचडी (ती वालाची म्हणून खातो, तांदूळ सोबतीला), पुन्हा सांदणं. रोज वेगळं घर. कोणी म्हणतं, नाना, चाखून बघा. कोणी म्हणतं, अशक्तपना येल.

केसर म्हणाली, येवढा प्रेम तर मतदानाच्या टायमालापन नसतंय. तुमाला कसला वास येत न्हाय? मी म्हणालो, येतो की, सुक्या बोंबलांचा. ती बोंबील भाजायला गेली.

२० एप्रिल, रविवार

जागृती आली. दिवसाची यादी मागितली. लपवण्यासारखं काही नव्हतं, ही डायरी काढून खाण्याच्या नोंदी वाचून दाखवल्या. ती बोटं मोजत होती. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग केसरचा हात घेतला.

म्हणाली, बाबा, पेज तांदळाची, भाकरी तांदळाची, घावन, पोळे, पानगी, खांडवी, इथल्या शेवया, सांदण, सगळं तांदळाचं. तुम्ही भात सोडलात आणि तांदूळ दुप्पट केलात.

मी उत्तर दिलं. द्रव आणि घन यातला भेद, आंबवलेलं आणि वाफवलेलं यातला भेद, अन्नाची राजकीय बाजू. चाळीस मिनिटं. तिची एसटी चुकली.

दुसरी गाडी येईपर्यंत तिनं हळू आवाजात सांगितलं की आजपासून अगदी मनापासून केलं तरी पंचाऐंशी होणार नाही. एकोणनव्वद-नव्वद झालं तरी खूप. सरपंचांना स्वतः जाऊन सांगा, चूक झाली, मुदत वाढवा. लोक समजून घेतील.

शब्द मागे घेऊ? मी? या गावानं माझ्या तोंडून आजवर एकही शब्द मागे गेलेला पाहिलेला नाही.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.००

निर्वाणीचा लढा. फक्त काकडी आणि पाणी. भाकरीसुद्धा बंद. दहा दिवस.

सकाळी ९.४०

आवडाबाई आल्या. घावन, गरम. परत पाठवणं म्हणजे अकरा वर्षांनी जुळलेलं माणूस तोडणं. समाज आधी, मग शरीर.

२५ एप्रिल, शुक्रवार

९२.७. काटा घरचा आहे, जुना आहे. सुदैवानं निकेशनं एक मेसाठी अलिबागहून नवा मागवला आहे. खरं वजन त्यावरच कळेल. माझा अंदाज : सत्याऐंशी.

'आत्मसंयमाचा विजय' हे १ मेचं भाषण लिहायला घेतलं. दोन तासांत बसवायचं आहे. कठीण.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्यतृतीया

काल निकेशच्या चुलतभावाची हळद. मांडवात शिरताना एकच ठरवलं होतं : मटण चालेल, तांदळाचे वडे नाहीत.

नवरदेवाला आशीर्वादाचे दोन शब्द बोलावेत म्हणून डीजेवाल्याकडे माईक मागितला. निकेशनं मधल्यामध्ये माझ्या तोंडात वडा भरवला. भरल्या तोंडानं बोलता येत नाही. मी गिळतो न गिळतो तोच दुसरा. भोवती माणसं जमली. पाचव्या वड्याला शिट्ट्या. आठव्याला बेंजोवाल्यांनी ताल धरला. दहाव्याला मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न झाला, तो चौघांनी सोडून दिला.

आज उपास. एरंडेल घेतलं. केस कापले, मिशी बारीक केली, वीसही नखं काढली. दुपारी घोंगडी पांघरून गच्चीवर बसलो. आवडाबाईंनी खालून विचारलं, नाना, ताप हाय काय? मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

१ मे, गुरुवार. पहाटे ५.३०

चतुर्थी. चार गुणिले पाऊण, तीन. भरती तीनला, ओहोटी नवाला. वजनाची वेळ : नऊ! निसर्ग माझ्या बाजूनं आहे. पातळ धोतर, बिनबाह्यांची बंडी. चष्मा घरीच ठेवतो. विजय निश्चित.

दुपारी १.१५

९३.४.

टाळ्या जानेवारीपेक्षा जास्त. फटाकेही लावले. दहा हजारांची माळ ऐनवेळी मिळत नाही. आधीच आणलेली होती.

मी ओहोटीचा मुद्दा मांडायला सुरुवात केली, अर्थात माईकविना. निकेश पुढे आला. हात जोडून म्हणाला, नाना, राग मानू नका. तुमी बोलताव झ्याक, पन थांबत न्हाय. गेल्या पंधरा ऑगस्टला माझी आजी उन्हात चक्कर येऊन पडली, तरी तुमचा तिसरा मुद्दा चालूच. तोंडावर सांगायची कुनाची छाती झाली न्हाय. म्हनून मग पाळ्या लावल्या.

कसल्या पाळ्या, मी विचारलं.

सांगितलं आवडाबाईंनी. खाली बघत. पाडव्यापासून गावानं घरागणिक दिवस वाटून घेतले होते, माझ्याकडे काय पाठवायचं त्याचे. गणपतीच्या आरतीला लावतात तशा पाळ्या. एकाही घरानं आपली पाळी चुकवली नाही. जिथे दोन भावांत बोलणं नाही त्या घरानंसुद्धा. म्हणाल्या, नाना, घावन मात्र मनापासून केलती हो.

इतकी एकजूट मी चाळीस वर्षं भाषणातून मागत होतो.

घरी आलो. केसरला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती ताट वाढत होती. वर न बघता म्हणाली, आपल्या घराची पाळी पानगीच्या सोमवारची व्हती.

संध्याकाळी ५.००

तिला कारण विचारलं. म्हणाली, तुमी भायेर बोलून येता आनि तेच पुन्ना घरी बोलता. मला दोनदा ऐकाया लागतं.

यावर माझ्याकडे एक मुद्देसूद उत्तर होतं. दिलं नाही.

९ मे, शुक्रवार. सकाळी ६.३०

दाराशी आठ दिवसांत कोणी ताट घेऊन आलेलं नाही. पहिले तीन दिवस मी ओसरीवर उगाच बसून पाहिलं. निकेशही नाक्यावर नसतो, त्यामुळे किनाऱ्यापर्यंत चालत जावं लागतं. केसर एक भाकरी वाढते आणि टोपलं उचलून आत नेते.

आज ९०.८. भरती चढत असताना. घरच्याच काट्यावर. पुन्हा चढून पाहिलं, ९०.८. दोन महिने खाली उतरत नव्हतं ते उतरलं.

हे सांगायला सभा नाही. केसरला सांगायला गेलो. ती कोलंबी सोलत होती. म्हणाली, सांगा, पन हातातलं संपंस्तोवरच. दोन मुठी राहिली होती. पहिल्यांदाच भाषण वेळेत संपलं. तिनं मान वर करून विचारलं, झाला? मी म्हणालो, झालं. तिचा विश्वास बसला नाही, आणखी थोडा वेळ वाट बघत राहिली.

बंधू-भगिनींनो, तुमच्या गावातही माझ्यासारखा एक असणार. त्याला घावन पाठवू नका, खांडवी पाठवू नका. पुढच्या सभेत उभे राहा आणि त्याच्या तोंडावर सांगा : नाना, आता बसा.