तोलाराणीच्या पायाखालची सावली

न्यूयॉर्क,
९ सप्टेंबर १९५२

ती. पौलीनाताईस,
धाकट्या विल्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि खसखशीचा रोल दोन्ही पोचले. रोल टपालात चेपून पार भाकरी झाला होता, तरी उभ्या उभ्या संपवला. इथे तसा मिळत नाही. मिळतो तो कापसासारखा.

आता बातमी. आमच्या फेल्डर साहेबांनी नवं कॉमिक काढलंय, ‘तोलाराणी’ नावाचं, आणि त्याचं सगळं शाईकाम माझ्याकडे आलंय. ही बाई डावा हात उघडते की आगगाडीचं इंजिन पिसासारखं वर येतं. मूठ आवळते की पळणारा चोर इतका जड होतो, की पायच उचलत नाही. साहेब म्हणाले, बाईमाणसाचं कॉमिक घेणार कोण? मी म्हटलं, बायका घेतील, ओझी उचलायचं काम त्यांचंच असतं. साहेब काही हसले नाहीत. त्यांना पोटाचा त्रास आहे.

पेन्सिलीने चित्रं हर्शेल काढतो, मी त्यावर ब्रशने शाई फिरवते. चेहरे त्याला जन्मात जमले नाहीत, ते तो माझ्या ब्रशवर सोडून जेवायला जातो. म्हणून तोलाराणीला मी तुझ्या रुझ्काचा चेहरा दिलाय, हनुवटीवरच्या खळीसकट. पोर पंचवीस वर्षांची झाल्यावर अशीच दिसेल बघ. आणखी एक युक्ती केलीय. आमच्या धंद्यात वजन असतं ते शाईत. पायाखाली काळा फटकारा मारला की माणूस जमिनीवर उभा राहतो, नाही मारला की लटकल्यासारखा दिसतो. जितकी सावली काळी, तितकी वस्तू जड. तोलाराणीला मी सावलीच देत नाही. साहेबांना हे फार आवडलं, म्हणजे ते काही बोलले नाहीत.

पोलिओने रुझ्काचे पाय नेले, ते काही मला परत आणता येत नाहीत. पण ते लोखंडी कॅलिपर पायाला बांधून ती जिना चढते तेव्हाचा आवाज माझ्या कानातून जात नाही गं. तिला सांग, मावशीने तुझ्यासाठी एक बाई केलीय, तिला कशाचंच ओझं होत नाही. अंक दुकानात लागेल तेव्हा तिला घेऊन दे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला हक्काने धरून बसलेय.
तुझी,
विल्मा


यंग्सटाऊन,
२६ ऑक्टोबर १९५२

चि. विल्मास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अंक मिळाला. रुझ्काने पहिल्यांदा चेहरा पाहिला, मग आरशात पाहिलं, मग पुन्हा अंकात. आता तो अंक उशाखाली घेऊन झोपते. ह्यांनी पोलादाच्या भट्टीवरच्या सगळ्यांना दाखवला आणि माझ्या मुलीचं चित्र म्हणून मिरवले. तू मात्र दुसऱ्यांचे चेहरे रंगवत बस, स्वतःच्या तोंडाला जरा पावडर लाव म्हणजे कुणीतरी विचारील तरी. हर्शेल जेवायला एकटाच जातो का?

एक गंमत लिहायची तर अशी, की पोरगी चालायला लागलीय. म्हणजे कॅलिपर घालूनच, पण आवाज न करता. अंक आला त्याच आठवड्यात ती ओसरीची पायरी आपली आपण उतरली. मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले. शेजारची हेलेना म्हणाली की मेरीमातेची कृपा. डॉक्टरांनी वजन केलं तर मागच्यापेक्षा फार कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, काटा बिघडलाय. मग ते स्वतः काट्यावर उभे राहिले, तर काटा बरोबर.

खाते तर ती ह्यांच्याइतकं. तेव्हा काळजी करत नाही. आनंदाला काय नजर लावायची!

अशीच आठवण ठेव, पण पत्रातून ठेव.
तुझी,
ताई


न्यूयॉर्क,
३० नोव्हेंबर १९५२

ती. ताईस,
विल्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कार्यालयात सगळ्यांसमोर रडले. हर्शेलने आपला रुमाल दिला. त्याला शाई लागलेली होती, त्यामुळे उरलेला दिवस मी पांडासारखी हिंडले. नसते अर्थ काढू नकोस, तो एकटाच जेवतो आणि एकटाच जेवू दे.

डॉक्टर काहीही म्हणोत, पोरीला उमेद आली की पाय चालतात. दुसऱ्या अंकात तोलाराणी नदीवरचा पूल उचलते. तिसऱ्यात ती ढगांवर चालते. रुझ्काला सांग, तिसऱ्यात केसांचा भांगही मी तिचाच पाडलाय. अंक चांगला खपतोय असं साहेब म्हणत नाहीत, पण ते कधीच म्हणत नाहीत.

नाताळला मला येता येणार नाही. मधाची पोळी माझ्या वाटणीची मोडून ठेव. तुमच्या मायेवर इथली थंडी काढते.
तुझी,
विल्मा


यंग्सटाऊन,
४ जानेवारी १९५३

चि. विल्मास,
आशीर्वाद. हे पत्र एकटी असताना वाच.

तू मला लहानपणापासून भित्री म्हणतेस. असेन मी भित्री. पण आधी ऐकून घे. नाताळच्या सकाळी आम्ही चर्चला चालत गेलो. बर्फ ताजं होतं. कॅलिपर तर आता ती घालतच नाही, खुंटीला आहेत. परत येताना मी मागे वळून पाहिलं. ह्यांची पावलं होती, माझी होती, आणि दोघांच्या मध्ये कोरं बर्फ होतं. ऊन चांगलं पडलं होतं गं. आमच्या दोघांच्या सावल्या होत्या. तिची नव्हती. ह्यांनीही पाहिलं, आणि घरी येईपर्यंत फादर जोझेफच्या प्रवचनाबद्दल बोलत राहिले.

हे होतं ते अंक दुकानात लागतो त्या दिवशी. मी आता नीट लक्ष ठेवलंय. पहिल्या अंकाने पायऱ्या उतरली, दुसऱ्याने कॅलिपर सुटले, तिसऱ्याने हे. दार उघडं राहून वारा आला तर ती भिंतीकडे सरकते. हसते, म्हणते की मज्जा येते. हेलेना आता आमच्याकडे येत नाही. खिडकीतून क्रूस करून जाते.

मी तिला मांडीवर घेतलं, विल्मे. दहा वर्षांची घोडी झाली तरी संध्याकाळी येऊन बसते. माझ्या मांडीला काही कळलंच नाही. डोळे मिटले असते तर मांडी रिकामीच वाटली असती. आईला हे किती भयंकर वाटतं ते तुला कसं सांगू! तिच्या पायाखाली सावली दे. तू देत नाहीस म्हणून होतंय हे.

उत्तर लगेच पाठव. माया तिथेच ठेव, मला इथे जीव हवाय.
ताई


न्यूयॉर्क,
११ जानेवारी १९५३

ती. ताईस,
विल्माचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, खरं सांगते. बर्फावर वारा सुटला असेल आणि पावलं बुजली असतील असं लिहायलाही घेतलं होतं. मग एक गोष्ट आठवली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

तोलाराणी बंद होतेय. खप नाही. साहेबांनी शेवटचा अंक नाताळाआधीच उरकून घेतला. शेवटच्या पानावर तोलाराणी सगळ्या शहराचं ओझं उतरवते, मग गच्चीवर उभी राहते, दोन्ही हात उघडते आणि वर जाते. शेवटच्या चौकटीत नुसतं आकाश आहे. ते पान शाई करून मी दिलंय. अजून छापखान्यात गेलेलं नाही, साहेबांच्या फळीवर आहे. अंक मार्चअखेर दुकानात लागेल.

मला ते पान करताना फार आवडलं होतं, ताई. मी हर्शेलला म्हणालेही होते, की असं जाता आलं तर कोण थांबेल.

आकाशाच्या चौकटीत मी तिला परत गच्चीवर उभी करू शकते. पायाखाली सावली घालू शकते. पण मग वजन येईल, आणि वजन आलं की पायही पूर्वीचेच येतील. खुंटीवरचे कॅलिपर काढावे लागतील. हे मी माझ्या मनाने करणार नाही. तू आई आहेस, तू सांग.
विल्मा


यंग्सटाऊन,
१६ जानेवारी १९५३

चि. विल्मास,

सावली दे. काळी दे.

ह्यांनी कपड्यांची दोरी तिच्या कमरेला बांधून ओसरीच्या खांबाला गाठ मारलीय. पोर अंगणात खेळते आणि दोरी खाली पडलेली नसते, वर ताणलेली असते. रस्त्यावरून जाणारे थांबतात. मला पांगळी मुलगी चालेल. जिन्यावरचा तो आवाज मी जन्मभर ऐकीन आणि देवाचे आभार मानीन. मला ती मांडीवर जाणवली पाहिजे, एवढंच.

रुझ्काला मी काही सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस. उगीच पोरीचं मन दुखायचं.
ताई


न्यूयॉर्क,
२२ जानेवारी १९५३

ती. ताईस,
विल्माचा सा. न. वि. वि.

केलं. साहेब जेवायला गेले तेव्हा पान फळीवरून काढलं, आकाशावर पांढरा रंग फिरवला आणि तोलाराणीला गच्चीवर उभी केली. हर्शेलने पाहिलं, पण साहेबांना सांगितलं नाही. उलट पाय त्यानेच पेन्सिलीने नीट करून दिले.

सावली आधी नेहमीसारखी घातली. मग वाटलं, कमी पडली तर? म्हणून आणखी एक हात दिला, आणि मग आणखी एक. अशी गडद सावली मी तिजोरीखालीही कधी दिली नाही. हर्शेल म्हणाला, ही बाई गच्ची फोडून खाली जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, खाली तरी राहील.

साहेबांना अजून कळलेलं नाही. कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे. दोरी मात्र मार्चपर्यंत सोडू नका. तुमच्याकडेच जीव लागलाय.
विल्मा


यंग्सटाऊन,
२ एप्रिल १९५३

चि. विल्मास,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

आली गं, खाली आली! मंगळवारी अंक दुकानात लागला. रुझ्का ओसरीत होती. मी आत बटाट्याचं पीठ मळत होते, तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. बाहेर जाऊन पाहते तर पोर फळ्यांवर पडलेली, गुडघा फुटलेला, आणि दोरी जमिनीवर. मी मोठ्याने हसले. पोरीला लागलेलं असताना आईने हसावं! मला माझीच लाज वाटली, पण हसू थांबेना. ह्यांनी खुंटीवरचे कॅलिपर काढले, तेल दिलं आणि स्वतःच्या हाताने बांधले.

मांडीवर घेतली. पाय बधिर होईपर्यंत घेऊन बसले. जड आहे गं, छान जड आहे.

तिने अंक पाहिला. शेवटचं पान पुष्कळ वेळ पाहत होती. मग विचारलं की आधी इथे काय होतं. मी म्हटलं, मला काय माहीत. तेव्हापासून अंक घेऊन एकटीच बसते, पण होईल ठीक. तुला तिने पत्र लिहायचं मनात आणलंय, पाठवते.

तुझे उपकार मानत नाही, तू माझीच आहेस. ये आता.
तुझी,
ताई


यंग्सटाऊन,
१३ मे १९५३

प्रिय विल्मामावशीस,
रुझ्काचा नमस्कार. हे पत्र मी शाळेतून टाकतेय. आईला दाखवलेलं नाही.

तू पांढरा रंग लावलेला दिसतो. कागद उन्हात धरायलाही नको, नुसताच जवळून पाहिला तरी दिसतो, कारण गच्चीच्या मागे जुन्या आकाशाच्या रेघा पुसट उरल्यात. म्हणजे ती वर जाणार होती. आणि तुम्हा दोघींना वाटलं की मीही जाणार.

मी तुझ्यावर रागावले नाही. पण तू आईला इतकी पत्रं लिहिलीस आणि आईने तुला लिहिली, मला एकदाही कुणी विचारलं नाही. मी गेले नसते गं. मला खाली येता येत होतं. तोलाराणीला दोन्ही येतं, हे तूच केलंस आणि तूच विसरलीस. डावा हात उघडला की हलकं, मूठ आवळली की जड. मी ओसरीत तोच सराव करत होते. बाबांनी दोरी बांधली तेव्हा मला हसू आलं, पण त्यांना बरं वाटत होतं म्हणून राहू दिली. जरा पक्कं जमलं की आईच्या हाताला धरून तिलाही थोडी वर नेणार होते. तिची कंबर फार दुखते.

आता हात उघडला तर काही होत नाही. नुसती मूठच चालते. आणि मावशी, आता ती आवळावीही लागत नाही. मला शाळेत राग आला की आपोआप जड होते. झोप आली तरी होते. सावली माझ्याहून मोठी झालीय, आणि घरात दिवा नसला तरी असते. परवा माझ्याखाली शाळेचं बाकडं मोडलं, पक्क्या ओक लाकडाचं. चार मुलांनी मिळून मला उचलायला पाहिलं, मग बाईंनी, मग शिपायाने. मग सगळे बाजूला झाले.

कॉमिक बंद झालं, म्हणजे पुढचा अंक नाही, हे मला कळतं. तू काही करावंस म्हणून लिहीत नाही. तू मला खाली ठेवायला गेलीस, तुला माझी काळजी होती. फक्त एक सांगायचं होतं, कारण घरी कुणाला सांगता येत नाही.

आई रोज संध्याकाळी खुर्चीत बसते आणि मांडी थोपटते. मी म्हणते, आता मी मोठी झाले. तिला वाटतं मी रुसलेय. ती स्वयंपाकघरात जाऊन रडते, मला ऐकू येतं. पण मी कशी जाऊ? बाकडं तर ओकचं होतं, आणि आई किती बारीक आहे.

तुझी,
रुझ्का