मनीच्या कानातल्या दोन नळ्या

१२ नोव्हें. २००२, महाड

काकूंशी भांडले. घरमालकीण, शिवाय मी शाळेत असते तेव्हा मनीला त्याच सांभाळतात. भांडायला नको होतं. पण नाते गावच्या शाळेतून एस.टी.त उभ्यानं आले, चप्पल काढतेय तोच म्हणाल्या, "सुनीता, मनीला ऐकायला कमी येतं का गं?" मी फाडकन म्हटलं, तुमचाच आवाज बारीक आहे, सासरी वाडीवर कुणी असं कुजबुजत नाही, तिथं ती सगळ्यांचं ऐकायची.

काकूंनी मनीची भाताची वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या.

मनी दोन वर्षं चार महिन्यांची. शब्द तीन. त्यातले दोन फक्त मला कळतात.

१३ नोव्हें.

शाळा सुटल्यावर परीक्षा घेतली. मनी भातुकली मांडून बसलेली. मागून हळू हाक मारली, नाही. नेहमीच्या आवाजात मारली, नाही. टाळी वाजवली, नाही. मग सासऱ्यांसारखी, आबांसारखी ओरडले. लगेच वळली, हसली.

मनीचा बाप सुरेश पहिल्या पाळीवरून आला होता, दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, परत कर. परत केलं. तेच.

आता डोक्यात प्रकाश पडतोय. वाडीवर घरं दहा, एक या माळावर तर दुसरं डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर. मीठ मागायचं तरी दरी ओलांडून ओरडायचं. मनी आठ महिन्यांची असताना तिला सासू-सासऱ्यांकडे ठेवली, नोकरी सोडवत नव्हती म्हणून. आता दिवाळीनंतर खाली आणली. जिथं सगळेच ओरडून बोलतात तिथं कुणाला ऐकू येत नाही हे कळणार कसं? वीस जण होते, एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी दर शनिवारी जात होते.

काकूंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा टाकला.

१४ नोव्हें., गुरुवार

कानाचे डॉ. दर गुरुवारी पनवेलहून येतात. मनीच्या कानात रबराचं बोंड घालून मशीनवर रेघ काढली. रेघेला मध्ये डोंगर यायला हवा म्हणे. मनीची रेघ सपाट, दोन्ही कानांची.

पडद्यामागं पाणी साठून घट्ट झालंय. सतत सर्दी, त्यातून होतं. डॉ. म्हणाले, नदीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू येतं ना, तसं तिला ऐकू येतंय. म्हणजे मोठा आवाज तेवढा पोचतो. सहा आठवडे वाट बघू, पुष्कळदा आपोआप निचरा होतो.

सर्दीला मी कधी मोजलंच नाही. शेंबडं पोर म्हणजे धडधाकट पोर, हे आमच्याकडचं शास्त्र.

१ डिसें.

आबा आले होते, तूप घेऊन. गल्लीच्या तोंडापासून हाळी दिली, "मनेऽऽ गोऽऽ!" मनी हातातलं सगळं टाकून पळाली. काकूंच्या हातातली परात पडली.

आबांची हाळी म्हणजे तालुक्यात प्रसिद्ध. वरून म्हशींना बोलावतात ती खाली रस्त्यावर ऐकू येते. मनी त्यांची लाडकी हे वाडीवर सगळे सांगतात. कुणाकडे जाणार नाही पण आबांच्या एका हाकेला उठेल. मला याचा हेवा वाटत आलाय, इथं लिहायला हरकत नाही. मी जन्म दिला आणि ती आबांकडे धावते.

आज पहिल्यांदा वाटलं, धावते कारण त्यांचंच ऐकू येतं. सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, आबांना सांगू नकोस.

२६ डिसें., गुरुवार

रेघ सपाटच. नळ्या बसवायच्या.

डॉ.नी एक नळी कागदावर ठेवून दाखवली. तांदळाच्या कणीएवढी, मध्ये भोक. पडद्याला बारीक छेद, पाणी ओढून घ्यायचं, नळी ठेवायची म्हणजे आत हवा खेळते. मी प्रश्न लिहून नेले होते. दुखेल का? थोडं, एक दिवस. काढायला परत यायचं का? नाही, वर्षभरात आपण होऊन बाहेर पडते. आत पडली तर? सहसा नाही. भोक राहील का? बहुतेकांचं बुजतं. पाणी? डोक्यावरून अंघोळ घालताना व्हॅसलिनचा कापूस. तेल? अजिबात नाही.

बोलेल ना, हे तीनदा विचारलं. डॉ. म्हणाले, "बाई, आधी ऐकू तर येऊ द्या तिला."

५ जाने. २००३, वाडी

सांगायला वर आलो. सासूबाई रडल्या. एवढ्याशा कानाला सुरी लावायची, त्यापेक्षा लसणीचं तेल कोमट करून घाला, सुरेशला तसंच बरं केलं होतं. सु. म्हणाला, मला कान दुखत होता आई, हिचं वेगळं आहे.

आबा उठले. मग अंगणात उभे राहिले. मनी गोठ्यात रेडकापाशी होती. हाळी दिली. आली धावत. तिला कडेवर घेऊन आमच्याकडे बघितलं, "ही भैरी हाय? कोन म्हनतो?"

परत उतरताना सु. मनीला सबंध वाट खांद्यावरून उतरवेना.

२० जाने., पनवेल

सु.च्या मावसबहिणीकडे मुक्काम. उद्या सकाळी आठ. आज जेवणानंतर काही द्यायचं नाही, पहाटे पाच वाजेपर्यंत फक्त पाणी. उठल्या उठल्या दूध मागणारं पोर. कसं होणार

२१ जाने.

झालं.

सकाळी दुधासाठी तिनं घर डोक्यावर घेतलं. सु. तिला खांद्यावर घेऊन रस्त्यानं बैलगाड्या दाखवत फिरला. पनवेलात बैलगाड्या दोनच दिसल्या, त्याच परत परत दाखवल्या.

भूल देणाऱ्या डॉ.बाईंनी मला आत येऊ दिलं. मास्क तोंडाशी नेला तशी मनीनं माझं बोट धरलं, आणि मग बोट सुटलं. ते सुटलेलं बोट मी विसरणार नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकले. सु. म्हणाला, वीस मिनिटं. मी म्हटलं, तू घड्याळ बघू नकोस, मला राग येतोय. खरोखरच वीस मिनिटांत डॉ. आले. डिंकासारखं निघालं म्हणाले, दोन्हीकडून.

जागी झाली ती किंचाळतच. कुणाला ओळखेना, मला लाथा मारल्या. नर्स म्हणाली, भुलीतून उठताना असं करतात, अर्ध्या तासात निवळेल. निवळली. दूध प्यायली, ओकली, परत प्यायली.

संध्याकाळी जिना चढताना थांबली. पाय आपटला. पायाकडे बघितलं. परत आपटला. पैंजण! वर्ष झालं पायात आहेत, आवाज आज ऐकला. जिन्यावर दहा मिनिटं हेच. मी तिथेच बसून रडले. सु.पण रडला, पण त्यानं डोळ्यात काहीतरी गेल्याचं सांगितलं.

२४ जाने., महाड

कानातून थोडं लालसर पाणी. घाबरले, पण कागदावर लिहून दिलंय, दोन-तीन दिवस चालेल. थेंब रोज तीनदा. थेंब घालताना सु. पाय धरतो, मी डोकं, काकू गाणं म्हणतात.

कुकरची शिट्टी झाली की माझ्या साडीत शिरते. एस.टी.चा हॉर्न नको, मिक्सर नको. नळाखाली बादली भरताना मात्र जाऊन बसते आणि ऐकते.

काकूंच्या बारीक आवाजाला वळते. काकू दिवसभर उगाच हाका मारतायत.

२ फेब्रु., रविवार

हे आज लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

आबा आले. खरवस आणि सासूबाईंनी दिलेली लसणीच्या तेलाची बाटली. निरोप पाठवला होता सु.नं, हळू बोला म्हणून, पण तो पोचला नाही, किंवा पोचून आबांच्या कानाशी थांबला. गल्लीतून हाळी आली. मनी दचकून ओरडली, दोन्ही कान दाबले, कॉटखाली गेली. आबा घरात आले, वाकून परत बोलावलं, तसंच मोठ्यानं. ती आणखी आत सरकली.

आबा पायरीवर जाऊन बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "मला वळखत नाय गो ती. तुमी तिला काय केलंत?"

तिथं मी गप्प राहायला हवं होतं. माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, आबा, आम्ही काही केलं नाही. तिला आधी फक्त तुमचाच आवाज ऐकू यायचा, म्हणून ती तुमच्याकडे यायची. आता सगळ्यांचा येतो.

आबांनी माझ्याकडे बघितलं. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. खरवसाचं भांडं सुद्धा न घेता पोलादपूरच्या गाडीला गेले. तेलाची बाटली पायरीवर तशीच.

३ फेब्रु.

सु. बोलत नाही माझ्याशी. बरोबर आहे त्याचं.

मी खरं तेच बोलले. पण त्या खऱ्यात माझा जुना हेवा होता, तो आबांना दिसला असणार. म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट काढून घेतली मी.

२० फेब्रु., गुरुवार

तपासणी. नळ्या जागेवर. रेघेचं आता काम नाही, आवाजाच्या बाजूला मान वळवते का ते बघितलं. खुळखुळा, घंटी, कागदाचा चुरगळा. कागदालासुद्धा वळली. मला वाटलं मीच पास झाले.

शब्द अजून तेच तीन. डॉ. म्हणतात, दोन वर्षांचं ऐकणं राहून गेलंय, घाई करू नका. तोंडासमोर बसून बोलत राहा, पण ओरडू नका. मी वर्गावर ओरडते ते कमी केलंय. पोरं घाबरली, बाई आजारी आहेत का म्हणून विचारत होती.

२७ फेब्रु.

दूध घेऊन येणारा वाडीवरचा माणूस स्टँडवर भेटला. हसत होता. म्हणे आबांना काय झालंय, बारीक आवाजात बोलतात. म्हशींना सुद्धा. परवा संध्याकाळी म्हशी आल्याच नाहीत, पलीकडच्या सोंडेवर चरत राहिल्या. सगळी वाडी शोधत होती. आबा म्हणे रेडकाच्या कानाशी तोंड नेऊन "मने, मने" म्हणतात.

मी पण हसले. मग एस.टी.त खिडकीशी बसून रडले. सु.ला सांगितलं तेव्हा तो महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. पुढच्या शनिवारी वर जायचं ठरलं.

५ मार्च

उजवा कान वाहतोय, पिवळं. सर्दी झाली होतीच. डॉ.ना फोन केला. नळी असली की घाण बाहेर पडते, हे बरंच, आत साठण्यापेक्षा. थेंब परत सुरू, गुरुवारी दाखवा. वाडीला नेऊ का? न्या, पण ओढ्यात बुडवू नका.

८ मार्च, वाडी

मनीला सु.च्या पाठीवर बांधून चढलो. आबा अंगणात होते. ओरडले नाहीत. हात सुद्धा पुढं केला नाही. सासूबाईंनी तांब्या दिला, मी पाया पडले आणि म्हटलं, आबा, मी चुकीचं बोलले. ते म्हणाले, "तू खरं बोल्लीस. खऱ्याला काय करनार?"

मग गोठ्यात गेले. मी दारापर्यंत मागं गेले. धार काढत होते, पाठ आमच्याकडे. मनी माझ्या साडीला धरून. आबांनी वळून न बघता, धारेचा आवाज येत होता त्याच्याहूनही हळू, "मने," म्हटलं.

मनीनं साडी सोडली. चालत गेली आणि त्यांच्या पाठीला टेकून उभी राहिली.

आबांनी धार थांबवली नाही. पण म्हैस पाय झाडायला लागली, इतका वेळ ते एकच सड पिळत होते.

९ मार्च, वाडी

दुपारी उतरायचं. बॅग भरली. उजवा कान थोडा कमी वाहतोय. शब्द तीनच. सासूबाईंनी तेलाचं नाव काढलं नाही, कापसाचे बोळे मात्र वळून ठेवलेत, चार महिने पुरतील एवढे.

सकाळी आबा म्हशी घेऊन खाली ओढ्याकडे गेलेले. म्हशी पांगल्या होत्या. वरून दिसत होतं, आबा एकेकीजवळ जाऊन, थोपटून, हळू बोलून वळवतायत. दिवसभराचं काम होतं ते.

मनी अंगणाच्या कडेला उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडाला लावले, आबा लावायचे तसे. आणि हाळी दिली. "हूऽऽऽ ओऽऽऽ." शब्द नाही त्यात, पण चढ आणि उतार सगळा आबांचा. मला कधी वाटलं नव्हतं की तिच्यात एवढा आवाज आहे. सु. भाकरी हातात घेऊन बाहेर आला.

खाली आबा थांबले. वर बघितलं. हात तोंडापाशी गेले आणि परत खाली आले. माझ्याकडे बघत उभे राहिले, विचारत असल्यासारखे.

एवढ्या लांबून काय लागणार आहे तिच्या कानाला. मी हात वर करून हलवला. द्या, आबा, द्या.

त्यांनी दिली. सगळ्या सोंडांवरून फिरून आली. म्हशींनी माना वर केल्या.

मनीनं कान दाबले नाहीत. ती मान तिरकी करून ऐकत राहिली, आवाज पार संपेपर्यंत. मग माझ्याकडे न बघता परत तोंडाला हात लावले.