कोरडं न खाणारे मासे

३ जून
पोचले एकदाची. बिडकीनहून बॅग, गादी आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन थेट चिकलठाण्यात, सावनीताईच्या फ्लॅटवर. ताई माझी मावसबहीण, एकटी राहते. मला कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी लागली तेव्हा तिनंच आईला सांगितलं, संस्कृतीला माझ्याकडं पाठव. हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी आहे. खारं पाणी ताई घरीच मीठ कालवून बनवते. आत रॅस जातीचे मासे, बोटाएवढे, निळे, अंगावर काळा पट्टा. समुद्रात हे मोठ्या माशांच्या अंगावरची घाण खाऊन जगतात म्हणे. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. जेवण सोडून बघत बसले.

९ जून
खोकी उचलून हाताला खाज सुटली होती. ताईनं मलम चोळलं, थोड्या वेळानं पुसलं आणि हात टाकीत धरायला लावला. मासे आले, टोचू लागले. नुसत्या गुदगुल्या. ताई मागं बसून माझ्या केसांना तेल लावत होती. एवढी माया घरीसुद्धा कुणी केली नाही.

१७ जून
आता रोज कामावरून आले की हात टाकीत. मलमामुळं काही जाणवत नाही. पेरांवर बारीक गोल खड्डे पडलेत. मेलेली कातडी जातेय, ताई म्हणाली, आणि पट्टी बांधून दिली. मी दार उघडलं की मासे काचेपाशी गोळा होतात. ताई आली तर हलत नाहीत.

२२ जून
शेजारच्या सारजाबाईंनी जिन्यात पट्टी पाहिली. आधीची पोरगी बी असंच हाताला फडकं बांधून हिंडायची, म्हणाल्या. मग दिसलीच नाय.
इथं आधी कुणी राहत होतं, हे ताई कधी बोलली नाही.

२४ जून
ओठ फुटला म्हणून तेच मलम लावलं. ओठ मेल्यासारखा झाला. मग पट्टी सोडून पाहिली. करंगळीचं हाड दिसतंय. दुखत नाही.
ताई पोळ्या लाटत होती. हे काय झालं म्हणून विचारलं, तरी लाटणं थांबलं नाही.
"हे मासे डब्यातलं कोरडं खाणं खात नाहीत गं. उपाशी मरतात."

२५ जून
आईला फोन केला. ताईचा आधीच जाऊन बसला होता — पोरीला नोकरी नको झालीय, काहीबाही सांगंल. आई माझ्यावरच चिडली. ताईचं ऐक म्हणाली. फोन ताईनं चार्जिंगला नेला, तो परत —

२७ जून
दार बाहेरून बंद. वरणात काहीतरी होतं. कमरेखाली सगळं सुन्न. डाव्या हातानं लिहितेय. आईनंच पाठवलं मला. आईनंच —

२८
ताईनं बादली आणून पलंगाशी ठेवली. माझे पाय उचलून आत सोडले, हळूच, बाळाचे सोडावेत तसे. झोप म्हणाली. पाण्यात निळं काहीतरी — गुदगुल्यासुद्धा होत ना—