प्रियांकाचा रोस

मालवण, ४ जानेवारी २०२४

चि. इनास यास फिलूबायचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मधेच ‘बरं बरं’ म्हणून सुटतोस, म्हणून पत्र. तुझी लेक प्रियांका इथे मजेत आहे.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये एड्सवर व्याख्यान झाले. व्याख्यान कसले, झाकपाक! कणकवलीहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना समितीने आधीच बजावले होते, निरोधचे नाव काढायचे नाही. अविवाहित पोरापोरींना सरबत ढवळायला बाहेर धाडले. ज्यांनी ऐकायचे तेच बाहेर! वर अध्यक्ष सांगतात, हा रोग पापाने होतो.

तेवढ्यात आपल्या कैतानची बायको रोजालिन उठली. नवऱ्याने बोटीवरून आणलेले दुखणे मला लग्नात मिळाले, त्यात माझे पाप कुठले, असे तिने विचारले. लग्नाआधी दोघांचे रक्त तपासा, एवढेच तिचे म्हणणे. प्रियांकाचा होणारा नवराही बोटीवरचाच, आणि त्याची माणसे समोर बसलेली.

आता कुजबुज आहे की, लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीच्या डोक्याला नारळाच्या दुधाचा रोस रोजालिनने लावायचा नाही. आई गेल्यावर जिने तिला वाढवले, तिनेच नाही! तुझे मत कळव.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

फिलू

वसई, ९ जानेवारी

ती. फिलूबायस धाकट्या भावाचा सप्रेम नमस्कार.

शाळेतली नोकरी सुटली, तुझी छडी काही सुटली नाही! रोजालिन गोळ्या घेते, ठणठणीत आहे, मला ठाऊक आहे. पण व्याह्यांचा फोन आला होता. तिने लांबूनच आशीर्वाद द्यावा. तपासणीचा विषयही मिटव. लग्न मोडले तर लोक काय म्हणतील?

रागावलीस तरी माया असू दे.

इनास

मालवण, १५ जानेवारी

चि. इनास,

तुझ्या पत्राला कुजक्या बांगड्याचा वास येतो. नाताळात रोजालिनच्या नेवऱ्या डबा पुसून खाल्ल्यास, तेव्हा हात कुणाचे होते रे?

पत्र प्रियांकाला दाखवले. ती म्हणाली, माका रोस लावतली ती रोजालिनमायच, नायतर कोरड्या डोक्यान वेदीपुढे जातलंय. होणाऱ्या नवऱ्यालाही तिने तोंडावर विचारले. पोरगा बापापेक्षा शहाणा निघाला. काल दोघे कणकवलीला तपासणीसाठी रक्त देऊन आली. निकाल येईपर्यंत पत्रिका वाटायच्या नाहीत, असे पोरीनेच ठरवले आहे.

रोसाचे नारळ मी रोजालिनकडे दिलेत. किसणार ती, पिळणारही तीच. बाप म्हणून रोस लावणारा पहिला हात तुझा. वाटीत तो बुडवायचा की नाही, ते ठरवूनच गाडीत बस.

लोभ उरला असेल तर सोबत आण.

फिलूबाय