सहाव्या दिवशीचे दोन अध्याय

बाबा, तुमची पोथी मी पुन्हा उघडलेली नाही. इथले आपले लोक अजून म्हणतात, पुण्यवान माणूस, पारायण करताना दुखणं आलं. त्या 'पुण्यवान' शब्दाचा मला वीट आला आहे.

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या आपल्या खोलीत तुम्ही सात दिवसांचं पारायण मांडलंत. वर्कशॉप बंद, विमानं बंद, आई गावी. "वाचणाऱ्याच्या घरात रोग शिरत नाही," तुम्ही म्हणालात, जणू म्युनिसिपालिटीने तसं लिहून दिलं होतं. बारावी अर्धवट सोडलेल्या मला तुम्हीच इथल्या स्टोअरमध्ये चिकटवलं होतंत; तुमच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती. पहिल्याच दिवशी मी फोन घ्यायला उठलो, तर केवढ्याने ओरडलात! "पोथी अर्धी टाकून उठतोस? संकल्प मोडला की घरावर येतं." ते माझ्या मनात बसलं. मी रोज तीनदा हात धुऊन, संपलेल्या अध्यायांची वहीत खूण करू लागलो.

चौथ्या दिवशी तुम्हाला ताप आला. पाचव्या दिवशी आवाज बसला आणि तुम्ही पोथी माझ्या हातात दिलीत. मी एकेक जोडाक्षर सांभाळत वाचतो आहे, तुम्ही भिंतीला टेकून धापा टाकता आहात. "मास्तर, जरा लवकर," म्हणून हसायलाही बघता. सहाव्या दिवशी सकाळी शेजारचा पेशावरचा ड्रायव्हर दारात येतो. "चाचा, यल्ला, चलो! गाड़ी नीचे खड़ी है. पढ़ना बाद में."

आपण निघालो ते दीड तासाने. हॉस्पिटलने तुम्हाला आत घेतलं, मला दारातच थांबवलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्याचा फोन आला.

आईला मी सांगितलं, बाबाच लगेच निघायला नको म्हणाले. सगळ्यांना तेच सांगतो, आणि तुमच्या श्रद्धेला मनसोक्त शिव्या घालतो. पण त्या ड्रायव्हरची हाक ऐकून तुम्ही माझ्यापुढे हात केला होतात. "चल, उठव मला," म्हणालात. मी म्हणालो, "बाबा, आजचे दोनच अध्याय राहिलेत." तुम्ही हात मागे घेतलात. तो ड्रायव्हर जिन्यात बसून राहिला.

हा कागद आईच्या हाती लागू देणार नाही. ते दोन अध्याय वाचताना मी घाईसुद्धा केली नाही, बाबा.